‘टाइप इन्फरन्स एरर’ : चूक कोणाची?

ओकॅमलसारख्या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये कोणते मूल्य कोणत्या टाइपचे, म्हणजे पूर्णांक आहे की आणखी काही, हे लिहिणाऱ्याने सांगितले नाही तरी कंपायलर (प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारे सॉफ्टवेअर) वापरावरून ठरवतो. याला ‘टाइप इन्फरन्स’ म्हणतात, आणि त्यात मेळ बसला नाही की येते ती ‘टाइप इन्फरन्स एरर’. प्रश्न असा आहे : फंक्शनल भाषा मराठीतून शिकवताना ‘टाइप इन्फरन्स एरर’ला ‘प्रकार-अनुमान त्रुटी’ म्हणावे का? अनुमान म्हणजे अंदाज, तेव्हा कंपायलर अंदाजाने काहीतरी ठरवतो असा समज होणार नाही का?

‘अनुमान’ हा शब्द ठेवावा, पण हा समास मात्र टाकून द्यावा, असे माझे मत आहे.

बोलण्यात ‘अनुमान’ अंदाजाकडे झुकले आहे, हे खरेच. परंतु न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, अनुमान हे प्रत्यक्ष, उपमान आणि शब्द यांच्या बरोबरीचे प्रमाण, म्हणजे खऱ्या ज्ञानाचे साधन आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असे म्हणताना, जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती (अटळ संबंध) आधीच निश्चित झालेली असावी लागते; तिच्यावाचून जे उरते तो अंदाज. कंपायलरचे काम याच जातीचे आहे. ओकॅमलमध्ये ‘+’ हे चिन्ह फक्त पूर्णांकांच्या बेरजेसाठी असते, त्यामुळे ‘क्ष + १’ एवढे लिहिलेले दिसले की क्ष पूर्णांक आहे हे ठरते, आणि त्यात शक्यतेचा अंशही नसतो. संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर यांनी १९७८ साली मांडलेली पद्धत ‘क्ष पूर्णांकच हवा’ अशाच बंधनांची जुळणी करत जाते. म्हणून ‘टाइपचे अनुमान’ हा प्रयोग निःशंकपणे करावा. (‘टाइप’ऐवजी ‘प्रकार’ म्हणायला हरकत नाही, परंतु ‘तीन प्रकारच्या चुका’ यांसारख्या वाक्यात घोटाळा होतो, म्हणून मी ‘टाइप’च लिहितो.)

‘त्रुटी’विषयी थोडक्यात. मराठीत त्रुटी म्हणजे उणीव, कमतरता. अर्जात त्रुटी असतात त्या या अर्थाने. इथे उणीव कशाचीच नाही, म्हणून साधा ‘चूक’ हा शब्द अधिक बरा.

खरी अडचण समासाच्या विग्रहात आहे. ‘अनुमान-त्रुटी’ किंवा ‘अनुमान-चूक’ म्हटले की वाचणारा ‘अनुमानातील चूक’ असाच विग्रह करतो, म्हणजे अनुमान करणारा कंपायलर चुकला असे त्याला वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. समजा, कोणी ओकॅमलमध्ये असे फंक्शन लिहिले : ‘जर क्ष, तर क्ष + १, नाहीतर ०’. ‘जर’नंतर आल्यामुळे क्ष हा बूलियन (‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढीच मूल्ये असलेला टाइप) ठरतो, आणि बेरजेत आल्यामुळे तोच क्ष पूर्णांक ठरतो. दोन्ही अनुमाने निर्दोष आहेत. ती एका जागी नांदू शकत नाहीत, इतकेच. कंपायलर डावीकडून वाचत आलेला असल्यामुळे तो बेरजेतल्या क्ष-वर बोट ठेवतो आणि सांगतो की हा बूलियन आहे, इथे पूर्णांक अपेक्षित होता. लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित ‘जर क्ष > ०’ असे असेल, म्हणजे चूक आधीच्या जागी असेल. पण बिचारा विद्यार्थी बेरजेकडे पाहत बसतो, कारण खूण तिथे केलेली असते. नैयायिकांनी हेत्वाभासांमध्ये, म्हणजे सदोष हेतूंमध्ये, ‘सत्प्रतिपक्ष’ असा एक भेद सांगितला आहे : एका हेतूने जे सिद्ध होते त्याच्या विरुद्ध गोष्ट तितक्याच बळाचा दुसरा हेतू सिद्ध करतो. साम्य पूर्ण नाही, तरी या प्रसंगाचे इतके नेमके वर्णन मला दुसरे आढळलेले नाही.

म्हणून ‘टाइपविसंगती’ हा शब्द मी सुचवतो. विसंगती नेहमी दोन गोष्टींमध्ये असते, त्यामुळे हा शब्द ऐकणारा आपोआप दुसरी जागा शोधू लागतो.

समजावून सांगतानाही मराठी आपल्या बाजूने उभी राहते. पुराव्याशिवाय कोणी काही ठासून सांगितले की आपण ‘कशावरून?’ असे विचारतो, आणि उत्तरही ‘वरून’नेच येते : धुरावरून अग्नी कळला, बेरजेवरून पूर्णांक ठरला. कंपायलरच्या संदेशात नेमके हेच ‘वरून’ अनेकदा गळलेले असते. प्रत्येक निर्णयाबरोबर त्याचे कारण जपून ठेवावे, म्हणजे चूक कुठून आली याचा माग काढता येईल, ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ मिचेल वँड यांनी १९८६ सालीच मांडली होती.

‘अपेक्षित’ हा शब्दही मला खटकतो, कारण अपेक्षा कोणाची हे तो सांगत नाही, आणि बेरजेची जागा बरोबर व क्ष चुकीचा असा निवाडा मात्र नकळत देऊन टाकतो. शिकवताना मी वरचा संदेश असा लिहीन : “क्ष-च्या टाइपमध्ये विसंगती आहे. ‘जर’नंतरच्या वापरावरून तो बूलियन ठरतो, ‘क्ष + १’ यावरून तो पूर्णांक ठरतो. यांपैकी कोणता वापर तुमच्या मनात होता?”