सांगलीचे घर विकून पुण्यात मोठा फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न : माझे वडील 77 वर्षांचे असून जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना 41,000 रुपये पेन्शन मिळते. आई 72 वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत ती न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, मिरजेत शस्त्रक्रिया झाली आणि आता ती वॉकर घेऊन चालते. दोघे सांगलीत गावभागातील दुमजली घरात राहतात. वरचा मजला 8,000 रुपये भाड्याने दिला आहे. बाबांनी 1988 मध्ये बांधलेल्या या घराचे आज 85 लाख येतील, असे एजंट सांगतो. बाबांचे 15 लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि 11 लाख बँकेच्या ठेवींत आहेत. मी पत्नी आणि मुलीसह कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याची किंमत अंदाजे 95 लाख असून 34 लाखांचे कर्ज बाकी आहे. दोन्ही घरे विकून 1 कोटी 60 लाखांचा तीन बेडरूमचा फ्लॅट माझ्या व पत्नीच्या नावे घ्यावा आणि आईबाबांना कायमचे इकडे आणावे, असा विचार आहे. बाबा घराचे बक्षीसपत्र माझ्या नावे करायला तयार आहेत. नाशिकच्या बहिणीची हरकत नाही. दुसरा पर्याय पुण्याजवळच्या ज्येष्ठांच्या निवासी प्रकल्पाचा आहे. तिथे 30 लाख अनामत आणि दोघांचे महिन्याला 55,000 रुपये घेतात. काय करावे?

उत्तर : आईवडिलांना जवळ आणण्याचा तुमचा विचार योग्य आहे आणि तो लांबणीवर टाकू नये, असे मला वाटते. मात्र त्यासाठी सांगलीचे घर विकून ती रक्कम तुमच्या फ्लॅटमध्ये घालू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आईवडिलांना आणणे आणि घर विकणे हे दोन निर्णय तुम्ही एकमेकांना जोडून टाकले आहेत. ते वेगळे केले की पहिला या पावसाळ्याआधीच घेता येतो आणि दुसऱ्याला किमान वर्षभर थांबता येते.

आधी तुमच्याच योजनेचा हिशेब पाहू. तुमचा फ्लॅट 95 लाखांना विकून कर्ज फेडले की हातात 61 लाख उरतात. सांगलीच्या घराचे 85 लाख आले तरी त्यावर बाबांना भांडवली नफ्याचा कर आहे. घर 2001 पूर्वीचे असल्याने मूळ खर्चाऐवजी 1 एप्रिल 2001 ची वाजवी किंमत धरता येते. नोंदणीकृत मूल्यांकनकाराने ती समजा 12 लाख ठरवली, तर किंमत महागाईनुसार वाढवून धरण्यासाठीचा 2025-26 चा निर्देशांक 376 लावून ती 45 लाखांच्या आसपास जाते आणि उरलेल्या सुमारे 40 लाखांवर 20 टक्क्यांनी 8 लाख कर होतो. निर्देशांकाविना 12.5 टक्क्यांचा पर्याय घेतला तर तोच कर 9 लाखांच्या वर जातो. म्हणजे कर वजा जाता 77 लाख धरा. दोन्ही मिळून 1 कोटी 38 लाख झाले. नव्या फ्लॅटची किंमत 1 कोटी 60 लाख, पुण्यातील 7 टक्के दराने मुद्रांक शुल्क 11 लाख 20 हजार, नोंदणी शुल्क 30 हजार, असे एकूण 1 कोटी 71 लाख 50 हजार लागतील. तूट साडेतेहेतीस लाखांची येते आणि तेवढे कर्ज तुम्हाला पुन्हा काढावे लागेल. दलाली, फर्निचर आणि सामान हलवण्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

थोडक्यात, आईवडिलांचे संपूर्ण घर खर्ची पडेल आणि तुमचे कर्ज आज आहे तेवढेच राहील. वाढेल ती एक खोली. एका खोलीसाठी ही फार मोठी किंमत आहे, आणि ती चुकवणार आहेत ते ज्यांना यापुढे पैशाची सर्वांत जास्त गरज लागणार आहे असे दोघे जण.

कराबाबत आणखी एक अडचण आहे. जुने घर विकून नवे घेतल्यास भांडवली नफ्यावर सवलत मिळते खरी, पण कायद्याला अपेक्षित असते ते विकणाऱ्याने स्वतः घर घेणे. नवा फ्लॅट तुमच्या आणि पत्नीच्या नावावर असेल तर बाबांची सवलत नाकारली जाण्याचा धोका आहे. म्हणून वरच्या हिशेबात मी ती धरलेली नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न मालकीचा आहे. हे लिहिणे अप्रिय वाटते, तरी लिहिले पाहिजे. उद्या तुमचेच काही बरेवाईट झाले आणि मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार फ्लॅटमधील तुमचा अर्धा हिस्सा पत्नी, मुलगी आणि आई यांच्यात समान वाटला जाईल. म्हणजे आईच्या वाट्याला संपूर्ण फ्लॅटचा सहावा भाग येईल. बाबांना काहीही मिळणार नाही, कारण मुलाच्या मालमत्तेत आई पहिल्या वर्गातील वारस असते आणि वडील दुसऱ्या. ज्यांनी शिक्षकाच्या पगारातून ते घर उभे केले, त्यांच्याच नावावर वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी एक वीटही उरणार नाही. तुमच्या पत्नीच्या चांगुलपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही, परंतु वृद्धांचा निवारा कोणाच्याही चांगुलपणावर अवलंबून ठेवू नये. तो कागदावर असावा.

त्याच कारणाने बक्षीसपत्रही आता करू नका. महाराष्ट्रात राहते घर मुलाला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये असल्यामुळे अनेक वडील मंडळी हा कागद फारसा विचार न करता करून मोकळी होतात. मृत्युपत्र हवे तेव्हा बदलता येते, नोंदवलेले बक्षीसपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मधील एका निकालात या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आहे. तरीही प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करण्याची वेळ कोणत्याच घरावर येऊ नये, यासाठी कागद आजच नीट असलेला बरा. बाबांनी मृत्युपत्र करावे, त्यात आईचा तहहयात राहण्याचा आणि उत्पन्नाचा हक्क आधी लिहावा आणि दोन साक्षीदार असे घ्यावेत की ज्यांना त्यातून काही मिळणार नाही.

आता काय करावे ते सांगतो. तुमच्याच सोसायटीत किंवा चालत पाच मिनिटांवर, लिफ्ट असलेल्या इमारतीत, एक बेडरूमचा फ्लॅट आईबाबांसाठी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या. तुमच्या भागात अशा फ्लॅटला 24,000 रुपये भाडे धरू. सांगलीचा वरचा मजला भाड्याने चालू ठेवा. घरात माणूस राहतो आणि खालच्या मजल्यावर लक्षही राहते. बँकेतील ठेवींची मुदत संपेल तसे 9 लाख रुपये आईच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा आणि 2 लाख बचत खात्यात हाताशी राहू द्या. योजनेत प्रत्येकी 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्याचा व्याजदर 8.2 टक्के आहे आणि व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होते.

मग दरमहा उत्पन्न असे येते : पेन्शन 41,000, बाबांच्या 15 लाखांचे 10,250, आईच्या 9 लाखांचे 6,150 आणि सांगलीचे भाडे 8,000, असे 65,400 रुपये. खर्च असा : भाडे 24,000, ब्युरोमार्फत दिवसाच्या बारा तासांसाठी येणाऱ्या मावशींचे 18,000, औषधे आणि फिजिओथेरपी 7,000, किराणा, वीज व किरकोळ 14,000, असे 63,000 रुपये. खर्च जेमतेम भागतो, पण भागतो, आणि तो त्यांच्याच पैशांतून भागतो. उत्पन्नाच्या या पातळीला नव्या करप्रणालीत प्राप्तिकरही लागत नाही. चोवीस तासांच्या मावशी लागल्या आणि त्यांचे 28,000 धरले, तर महिन्याला 7,600 रुपयांची तूट येईल. ती तुम्ही आणि बहिणीने मिळून भरावी. कर्जाचा हप्ता वाढवलेला नसल्यामुळे ते तुम्हाला झेपेल.

या हिशेबाची खरी परीक्षा वेगळ्या ठिकाणी आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. पेन्शन बाबांची आहे. आईच्या आधी ते गेले, तर तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या 50 टक्के आणि कुटुंब निवृत्तिवेतन 30 टक्के, असे प्रमाण असते. बाबांच्या निवृत्तीला पंधरा वर्षांहून अधिक काळ झाल्याने अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याबद्दलची, कपातही आता संपलेली असणार. म्हणजे 41,000 चे साधारण 24,600 होतील आणि एकूण उत्पन्न 49,000 वर येईल. त्या वेळी आई एकटी वेगळ्या फ्लॅटमध्ये राहणार नाही, ती तुमच्याकडे येईल. भाडे वाचेल, चोवीस तासांच्या मावशी, औषधे आणि तिचा इतर खर्च मिळून 43,000 च्या आसपास राहील आणि तिला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. ठेवींत मी आईचे नाव मुद्दाम पुढे केले ते यासाठीच. आपल्याकडे बायकोच्या नावावर दागिन्यांखेरीज काही नसते आणि उतारवयात तेच नेमके जाचते.

ज्येष्ठांच्या निवासी प्रकल्पाला माझा विरोध नाही. चांगल्या प्रकल्पात जेवण वेळेवर मिळते, समवयस्क भेटतात, रात्री हाक मारली तर कोणीतरी येते. मात्र त्याची किंमत महिन्याला 55,000 नाही. अनामतीत अडकणाऱ्या 30 लाखांचे 8.2 टक्क्यांनी येऊ शकणारे व्याज महिन्याला 20,500 होते. ते धरून खरा खर्च 75,500 आहे. शिवाय 26 लाखांच्या शिल्लकीतून 30 लाख अनामत येणार कुठून, हा प्रश्न उरतोच. पुढे कधी विचार केलात तर चार गोष्टी लेखी घ्या : अनामत किती दिवसांत आणि काय कापून परत मिळेल, मासिक आकार दर वर्षी किती वाढेल, एकच जण मागे राहिल्यास आकार किती, आणि आई अंथरुणाला खिळली किंवा कोणाला स्मृतिभ्रंश झाला तर तिथेच ठेवतील की घेऊन जायला सांगतील. चौथ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत मिळाले, तर बाकी सोयी कितीही चांगल्या असल्या तरी तिथे पैसे गुंतवू नयेत.

घर राखा म्हणताना गावभागातील घराचा धोका मला डोळ्यांआड करायचा नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले, हे तुम्हाला मी सांगायला नको. आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी 45 फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे सरकू लागली की वॉकरवर चालणाऱ्या बाईला घरातून बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहणार. म्हणून पुण्यातला मुक्काम जूनच्या आरंभी सुरू करा. तळमजल्यावरचे मौल्यवान सामान आणि कागदपत्रे आधीच वरच्या मजल्यावर किंवा पुण्यात हलवा.

दरम्यान दोन कामे पैसा न लागता होतात. दोघेही सत्तरीच्या पुढचे असल्याने उत्पन्नाची अट न लागता त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यातून दोघांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत होतात. मावशींचा पगार किंवा घरी येणारी फिजिओथेरपी त्यात बसत नाही, पण शस्त्रक्रियेसाठी ठेवी मोडाव्या लागण्याची शक्यता बरीच कमी होते. दुसरे काम बँकेचे. सर्व खाती दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेल्याने चालवावीत, अशा पद्धतीने संयुक्त करा. मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका, कारण ते देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की त्याचा आधारही जातो. बाबा आज स्वच्छ बुद्धीने सह्या करू शकतात, तोवर हे उरकून घ्या.

तुमच्या पत्रात बाबांचे म्हणणे आहे, बहिणीचे आहे, एजंटचेही आहे. आईचे एक वाक्यही नाही. पडली ती, चालता येत नाही तिला, आणि इतक्या वर्षांचे स्वयंपाकघर सोडून दुसऱ्याच्या ओट्याशी उभे राहायचे आहे तेही तिलाच. तिच्याशी एकटीशी, बाबा समोर नसताना, निवांत बोला. तिला वेगळे घर हवे आहे की तुमच्यासोबत राहायचे आहे, रात्री सोबतीला परकी बाई चालेल का, सांगलीतले काय सोबत आणायचे आहे, हे विचारा. तसेच तुमच्या पत्नीलाही विचारा, कारण सासूसासरे पाच मिनिटांवर असले तरी रोजच्या धावपळीतला मोठा वाटा तिच्यावर येईल. बहिणीची ‘हरकत नाही’ हीदेखील मी संमती धरणार नाही. घर बाबांच्या स्वकष्टार्जित मालकीचे असल्याने कायद्याने तिच्या सहीची गरज नाही, तरी वरचा सगळा हिशेब तिला आकड्यांसह पाठवा आणि तूट आली तर ती किती उचलेल, ते आत्ताच ठरवून घ्या.

पुण्यात वर्षभर राहिल्यावर आईबाबा दोघेही परत जायचे नाही म्हणाले, तर घर जरूर विका. त्या वेळी मूल्यांकन आधी करून घ्या, पूर्ण रक्कम बँकेमार्फत बाबांच्या खात्यात येऊ द्या, आणि कर भरल्यावर उरलेले पैसे बचत योजनेतील त्यांच्या शिल्लक मर्यादेत, म्हणजे बाबांचे आणखी 15 लाख आणि आईचे 21 लाख, व त्यापुढे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे 15 लाखांपर्यंत ठेवा. एवढ्याच ठेवींवर महिन्याला सुमारे 33,850 रुपये व्याज येईल, आणि 8,000 चे भाडे गेले तरी चोवीस तासांच्या मावशी लागल्यावर येणारी तूट भरून निघेल.