कोणत्या नियमाखाली, साहेब?

प्रश्न : माझा सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ देण्याचा, कारखाना आहे. 11 केव्हीच्या नव्या कनेक्शनसाठी ट्रान्सफॉर्मर बसवला. विद्युत निरीक्षक येऊन पाहून गेले. ‘अर्थिंग बरोबर नाही, तांब्याची पट्टी टाका’ असं तोंडी सांगून चार्जिंगची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये वीज सोडण्याची, परवानगी थांबवली. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, साहेबांशी वाद कशाला, पट्टी टाका आणि मोकळे व्हा. हे कोणत्या नियमात आहे, असं मी विचारू शकतो का?
— एक कारखानदार

उत्तर : विचारू शकता, आणि विचाराच. फक्त लेखी विचारा. नोकरीतला बराच काळ मी त्याच खुर्चीत काढला आहे, म्हणून सांगतो : तोंडी शेरा मारायला काही लागत नाही. लिहायचं म्हटलं की विनियम उघडावे लागतात, आणि उघडले की बरेच शेरे जागीच गळतात.

निरीक्षकाचे अधिकार विद्युत कायदा 2003 आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम यांतून येतात. 2010 च्या विनियमांना तपासणी अहवालाचा जो नमुना जोडला होता, त्यात प्रत्येक बाबीशेजारी विनियम क्रमांकाचा रकाना होता. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. 2023 मध्ये त्या विनियमांची जागा नव्यांनी घेतली. त्यामुळे कुणी नुसता आकडा लिहून दिला, तर तो कोणत्या सालच्या विनियमांतला, तेही विचारून घ्या.

शिवाय माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(1)(घ) आहेच. प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम होतो त्याला द्यावीत, असं ते सांगतं. लोक हा कायदा दहा रुपयांच्या अर्जापुरताच ओळखतात, हे कलम कुणी वाचत नाही.

आता तुमच्या अर्थिंगकडे येऊ, कारण तुम्हाला सांगितलेल्या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. ट्रान्सफॉर्मर आणि मोटरींच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यात, न्यूट्रलचं अर्थिंगही दोन वेगवेगळ्या इलेक्ट्रोडना (जमिनीत पुरलेल्या धातूच्या नळ्या किंवा पत्रे) हवं. हा नियम आहे, त्यात सूट नाही. शेडमध्ये मात्र एकच पट्टी मोटरीवरून मोटरीवर फिरवलेली असते. मधला एक बोल्ट सैल झाला की पुढच्या सगळ्या मोटरी अर्थविना. कित्येकदा बोल्टखालचा रंगसुद्धा खरवडलेला नसतो. पट्टी रंगावर बसलेली, बघायला छान, उपयोग शून्य. पत्र लिहिण्याआधी टॉर्च घेऊन हे स्वतः बघा. असं काही सापडलं, तर निरीक्षकांनी नंबर लिहिला नाही म्हणून दोष नाहीसा होत नाही. आधी तो काढा.

तांब्याचं वेगळं आहे. अर्थिंगच्या आयएस 3043 या भारतीय मानकात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, पट्टीही चालते, फक्त तिचा आडछेद फॉल्ट करंटच्या (बिघाडात वाहणाऱ्या प्रवाहाच्या) हिशेबाने पुरेसा हवा. तुमची पट्टी बारीक पडत असेल, तर आक्षेप रास्त आहे. पण मग किती मिलिमीटरची हवी, ते सांगावं. ‘तांबंच टाका’ ही झाली आवड. तांब्याचा भाव बघता तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचा सल्लाही काही स्वस्तातला नाही.

पत्र चार ओळींचं पुरे : पाहणीची तारीख, प्रत्येक त्रुटीसाठी विनियम क्रमांक द्यावा ही विनंती, सोबत प्रत्येक अर्थ पिटचं (अर्थिंगच्या खड्ड्याचं) रोधाचं रीडिंग, कॉन्ट्रॅक्टरच्या सही-शिक्क्यानिशी. आवक शिक्क्याची पोच घ्या. भाषा नम्र ठेवा, त्याच माणसाला पुन्हा तुमच्याकडे तपासणीला यायचं आहे. लेखी उत्तर येऊनही पटलं नाही, तर विद्युत कायद्याच्या कलम 162 खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं, आणि कारण कागदावर असेल तरच अपिलाला धरायला काही मिळतं.

तोवर ट्रान्सफॉर्मर चार्ज करू नका. परवानगीशिवाय चालू केलात, तर त्या कारवाईसाठी मात्र त्यांच्याकडे कलम तयार असेल.