'गरिबी', 'दारिद्र्य' की 'ओढगस्त'?

अमेरिकेतील कमी खर्चाच्या स्वतंत्र चित्रपटांविषयी लिहिताना 'गरिबीचे चित्रण' म्हणावे की 'दारिद्र्याचे चित्रण', असा प्रश्न आला आहे. दोन्ही शब्द चुकीचे नाहीत. पण या चित्रपटांना 'ओढगस्त' हा शब्द अधिक नेमका लागू पडतो, असे माझे मत आहे.

'गरीब' हा शब्द मूळचा अरबी, आणि तेथे त्याचा अर्थ परका, परदेशी असा आहे. मराठीत मात्र निर्धनतेबरोबर त्याला सौम्यपणाची छटा आली; 'गरीब गाय' किंवा 'स्वभावाने गरीब' म्हणताना पैशाचा विषयही नसतो. उलट संस्कृतातून आलेल्या 'दरिद्री' या विशेषणात अवलक्षण आणि दोष येतो, इतका की तो शिवीसारखा वापरला जातो. 'दारिद्र्य' हे नाम 'दारिद्र्यरेषा' यासारख्या शासकीय शब्दांत तटस्थ राहते. पण व्यक्तीविषयी बोलू लागताच जुनी छटा परत येते.

या चित्रपटांतील माणसे ना दीनवाणी आहेत, ना अवलक्षणी. शॉन बेकर यांच्या 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' (२०१७) मधील हॅली डिस्ने वर्ल्डजवळच्या एका मोटेलात लहान मुलीसह राहते, भाडे भरण्यासाठी घाऊक भावाने आणलेली अत्तरे पर्यटकांना विकते, आणि कोणाचे ऐकून घेत नाही. तिला 'गरीब बिचारी' म्हणणे कोणालाही जमणार नाही. चार्ल्स बर्नेट यांनी १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, १०,००० डॉलरपेक्षाही कमी खर्चात केलेल्या 'किलर ऑफ शीप' मधील कत्तलखान्यातला कामगार स्टॅन तर हे लेबल स्वतःच नाकारतो: आपण साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला वस्तू दान देतो, आणि गरीब माणसाला दान देता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याच्याविषयी लिहिताना त्याने नाकारलेलाच शब्द बेफिकिरीने त्याला चिकटवणे मला अन्यायाचे वाटते.

'ओढगस्त' मात्र माणसाविषयी निवाडा देत नाही. मिळकत आणि गरज यांतील रोजची ताण तेवढी सांगते. केली रायकार्ट यांच्या 'वेंडी अँड लूसी' (२००८) मध्ये कथानक म्हणजे जवळजवळ तेवढेच आहे. कामाच्या आशेने अलास्काकडे निघालेली वेंडी वहीत खर्चाचा हिशेब लिहीत असते. ऑरेगनमध्ये गाडी बंद पडते, कुत्रीचे खाणे चोरताना ती पकडली जाते, आणि त्या पकडापकडीतच कुत्री हरवते. एकेका खर्चाने पुढची वाट बंद होत जाणे हे येथे मुख्य असल्याने 'वेंडीची ओढगस्त' हा प्रयोग अगदी योग्य ठरेल. 'हलाखी' त्यापेक्षा तीव्र आहे. तो शब्द वेंडीच्या शेवटच्या अवस्थेसाठी राखून ठेवता येईल.

'हातावर पोट' हा वाक्प्रचार मात्र सरसकट वापरू नये. रोजच्या कमाईवर त्या दिवसाचे भागणे असा त्याचा अर्थ असल्यामुळे तो हॅलीला लागू पडतो. स्टॅनला नियमित नोकरी आहे, त्यामुळे त्याच्या घराला 'ओढगस्तीचा संसार' म्हणावे.