समकालीन नृत्याच्या प्रयोगात वादक प्रत्यक्ष हवेतच का? रेकॉर्डिंगने काय बिघडते?

वादक हवेतच, पण त्यांना पडद्याआडच बसवायचे असेल, तर खुशाल रेकॉर्डिंग लावावे. मी व्हायोला वाजवते आणि जर्मनीत एका नृत्यसंस्थेच्या प्रयोगात आमचे स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असा चौघांचा समूह) वाजवत असताना दिग्दर्शकांशी याच मुद्द्यावर माझा वाद झाला होता. नृत्य रेकॉर्डिंगवर बसवलेले होते आणि आम्ही हुबेहूब त्याच लयीत वाजवावे, अशी त्यांची अपेक्षा होती. चेलोच्या एंडपिनने, म्हणजे चेलो जमिनीवर टेकवायच्या टोकदार दांडीने, नाचासाठी अंथरलेल्या विनाइलच्या चटईला भोके पडतील, असे सांगून आम्हाला काळ्या पडद्यामागे बसवले गेले. एंडपिनखाली फळी ठेवली की काम भागते, हे चेलोवादकाने फळी आणून दाखवले, तरी निर्णय बदलला नाही.

नुकसान नर्तकांचे झाले. पहिला सूर लागण्यापूर्वी पहिली व्हायोलिनवादक श्वास घेऊन गज किंचित उचलते आणि पुढची लय त्या श्वासातच ठरते. एका तालमीला पडदा उघडा राहिला, तेव्हा समोरची नर्तकी त्या श्वासावर निघाली आणि तिचे पाऊल नेमके सुराबरोबर टेकले. पडदा लागल्यावर ती सूर ऐकून निघू लागली, म्हणजे दर वेळी किंचित मागे.

याउलट, बेल्जियमच्या नृत्यरचनाकार आन तेरेसा द कीर्समाकर यांनी 2013 मध्ये फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिसे यांच्या ‘व्होर्टेक्स टेंपोरम’ या संगीतरचनेवर नृत्य रचले. त्यात ब्रुसेल्सच्या इक्टस या वादकसमूहाचे सहा वादक आणि सात नर्तक आहेत. प्रत्येक नर्तक एका वाद्याशी जोडलेला आहे, पियानोला दोघे. पुढे वादकही रंगमंचावर फिरतात आणि पियानो वाजता वाजता ढकलत नेला जातो. लय नर्तक आणि वादक मिळून सांभाळतात, ती अशी.

आमचे दिग्दर्शक अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांचा दाखला देत असत, की नृत्य आणि संगीत स्वतंत्रच असते. तो दाखला अर्धाच होता. त्या दोघांनी कालावधी तेवढा समान ठेवून दोन्ही कलांना मोकळे सोडले. वादकांना रेकॉर्डिंगच्या लयीशी बांधून घातले नाही.

इलेक्ट्रॉनिक ध्वनीवरच घडवलेल्या नृत्याला यातले काही लागू नाही, आणि लहान संस्थेला चौघांचे मानधन जड जाते, हेही मान्य आहे. तरीही वादकांना शेवटच्या आठवड्यात बोलावण्यापेक्षा नृत्य बसत असतानाच थोड्या तालमींना बोलवा, आणि ते कुठे बसणार व सुरुवातीची खूण कोण देणार, हे मानधनाच्या बोलणीतच ठरवून घ्या.