दोन अळंबी की दोन अळंब्या?

प्रश्न असा आहे: पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरीच्या रानात अळंबी शोधत फिरल्यावर 'दोन अळंबी सापडली' असे लिहिले, तर पुण्याच्या मैत्रिणीने ते 'दोन अळंब्या सापडल्या' असे सुधारून दिले. बरोबर कोणते?

दोन्ही चालतात. पण 'दोन अळंबी' हे जुने, अस्सल रूप आहे आणि ते चूक म्हणून खोडणे मला मुळीच पटत नाही.

मूळ शब्द 'अळंबे', नपुंसकलिंगी. एक केळे, दोन केळी. तसेच एक अळंबे, दोन अळंबी. गोव्याच्या कोकणीत ही जोडी अजून शाबूत आहे: अळमें, अळमीं. मग मराठीत 'अळंबी' स्त्रीलिंगी एकवचन कशी झाली? 'ही पांढरी अळंबी मिळाली' हे वाक्य घ्या. हाती एक असो की दहा, ही, पांढरी, मिळाली यांतले काहीच बदलत नाही. पूर्वी 'हीं पांढरीं अळंबीं मिळालीं' असे लिहीत. उच्चारातून कधीच गेलेले ते अनुस्वार 1962च्या नियमांनी लेखनातूनही गेले. ऐकणाऱ्याने 'अळंबी' एकच धरली आणि तिचे 'अळंब्या' केले. आकडा आला की मगच फरक कळतो.

गोव्यात हे अनेकवचन टिकले त्यात रानाचाही हात असावा, असे मला वाटते. इथे सगळे वाट पाहतात ती रोयणीवरच्या अळम्यांची. रोयण म्हणजे वारूळ. सातेरी देवी म्हणून पुजतात तेच. आत वाळवी पालापाचोळ्यावर बुरशी पोसते आणि पाऊस मुरला की त्या बुरशीचीच अळमी घोळक्याने वर येतात. एकट्यादुकट्या अळम्याचे नाव घ्यायची वेळ तशी कमीच.

क्रियापदाचेही विचारले आहे: वेचली की काढली? जमिनीवर विखुरलेली बारीक, बटणाएवढी अळमी वेचावीत. मोठ्या अळम्याचा देठ मात्र मुळासारखा खाली वारुळातल्या बुरशीपर्यंत गेलेला असतो, ते मातीतून अलगद ओढावे लागते. तिथे 'काढली' हेच नेमके. 'सापडली' दोन्हींना चालते.