दरीत कोंडलेला धूर

प्रश्न : वणवा पलीकडच्या डोंगरावर आहे, तरी पहाटे आमच्या दरीतल्या घरात धूर कोंडतो आणि दुपारी निवळतो. असं का? ओला रुमाल बांधून भागेल का?

उत्तर : रात्री उतारावरची हवा गार आणि जड होऊन खाली ओघळते, येताना धूरही आणते. तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. ऊन चढून दरीचा तळ तापला की झाकण उचलतं आणि धूर वर निघून जातो. पण हवा निवळली म्हणजे आग शमली असं समजू नका. झाकण उघडलं की वणव्याला वारा मिळतो, तो उलट भडकतो आणि चढावर तर सरसर धावतो.

रुमाल ओला असो की कोरडा, उपयोग नाही. खरा त्रास २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांचा. ते कापडातून आरपार जातात. एन-९५ मास्क घ्या. एक पट्टा डोक्यावर उंच, दुसरा मानेवर, कानांखाली. नाकावरची पत्ती दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. जोरात श्वास सोडल्यावर डोळ्यांना हवा लागली तर मास्क गळतोय. दाढीवर तो नीट बसतच नाही.

झोपायची एकच खोली निवडून तिच्या फटी बंद करा. तिथे मेणबत्ती नको, कोरडा झाडू नको. दुपारी बाहेर खरंच स्वच्छ असेल तेव्हाच खिडक्या उघडा आणि सूर्य कलायच्या आत लावून घ्या. हवाशुद्धी यंत्र घेतलंत तर हेपा फिल्टरचं, म्हणजे असे बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचं. ओझोन हा फुफ्फुसांना त्रासदायक वायू सोडणारं मुळीच नको.