ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठचे आदिवासी झाडाच्या एकाच अखंड सालीची होडी कशी बनवत? झाड मरत नसे का?

झाड सहसा जगायचं, कारण साल एकाच बाजूने काढत. खोडाभोवती पूर्ण वेढा काढला तरच ते वाळतं. मरेकाठी असे जखमेचे वण असलेले जुने रेड गम (निलगिरीचीच एक जात) आजही उभे आहेत.

खोड किंचित वाकलेलं निवडायचं आणि बाहेरच्या बाकाची साल घ्यायची, म्हणजे होडीचा आकार अर्धा तयारच मिळतो. दगडी कुऱ्हाडीने लांबट बाह्यरेषा कोरत, मग कडेने लाकडी पाचरी सरकवून साल अखंड सोडवत. झाडात रस चढलेला असतानाच हे जमतं; कोरड्या हंगामात साल लाकडाला घट्ट धरते आणि ओढताना फाटते.

मग ती विस्तवावर शेकायची. ऊब लागली की साल लवते. कडा आत वळू नयेत म्हणून आडव्या काठ्या अडकवत. टोकं उघडी राहिली तर तिथे चिकणमातीचा बांध. होडीतच मातीच्या थरावर छोटी चूल पेटती असे, पकडलेला मासा तिथेच भाजायला! लांब काठीनेच होडी ढकलायची, तिनेच मासा भोसकायचा.